चांदीच्या पाण्याचा केमिकल लोच्या

शनिवारी सकाळी साडेनऊला मोबाइल वाजला. (शनिवार! साडेनऊ! आठवडाभर लोकलला लटकणाऱ्या माणसाला या वेळी उठवणं हा गुन्हा आहे की नाही, तुम्हीच सांगा.) पलीकडे ऑफिसातला दोस्त. राहणार नेरुळ.

‘‘अगं, माझं पाणी फाटतंय.’’

‘‘दूध म्हणायचंय का तुला?’’

‘‘नाही गं, पाणीच! चांदीचं पाणी करतोय घरी. तासाभरात पांढरं होतं. तू कॉलममध्ये सगळ्यांचे गीझर नि मिक्सर ठीक करतेस ना? मग ये, आणि हेही ठीक कर.’’

आता आव्हान दिलं की आपण नाही म्हणत नाही. त्यातून काकूंच्या हातचे पोहे मिळणार होते. गेले.

किचनच्या ओट्यावर अख्खी प्रयोगशाळा मांडलेली. काचेचा ग्लास, त्यात लोंबणाऱ्या चांदीच्या दोन तारा, क्रोकोडाइल क्लिपा आणि एकाला एक जोडलेल्या नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या. शेजारी पाण्याच्या पाच बाटल्या, प्रत्येकीवर ऑफिसातली पिवळी चिकटचिठ्ठी. (स्टेशनरी कुठे जाते, ते आता कळलं!) प्रकरण असं होतं की फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ‘कोलॉइडल सिल्व्हर’, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेलं पाणी. रोज दोन चमचे घ्या आणि सर्दी-खोकल्यापासून सगळ्यातून सुटका. विकत महाग, घरी स्वस्त. आणि घरात तीन वर्षांची लेक आठ दिवस खोकतेय.

‘‘आपल्याकडे उष्टावणाला मामा चांदीची वाटी-चमचा उगीच देतो का?’’ काकूंनी पोह्यांवर खोबरं पेरत विचारलं. मुद्दा बिनतोड होता. मी पोहे खाल्ले आणि कामाला लागले.

पाच बाटल्या, एक पेन

दोस्ताकडे टीडीएस मीटर होता. प्युरिफायर बसवायला येणारे लोक पाण्यात बुडवून दाखवतात ना, तोच पेनासारखा. आम्ही पाचही बाटल्या मोजल्या. नळाचं पाणी ६८, दुकानातलं बाटलीबंद ९१, घरच्या आरओचं २६, एसीच्या नळीखाली जमवलेलं ९ आणि इन्व्हर्टरमध्ये घालायचं ‘बॅटरीचं पाणी’ ३.

दोस्ताचा गोंधळ हाच होता. ‘‘नळाचं सोड, पण आरओचंही पांढरं झालं. मग उकळून घेतलं. रात्रभर उघडं ठेवलं. तरी पांढरंच!’’

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, मंडळी. क्लोरीन वेगळा आणि क्लोराइड वेगळं. क्लोरीन म्हणजे जंतू मारायला पाण्यात घालतात तो, वास येणारा. पाणी उघडं ठेवलं, उकळलं की तो बराचसा उडून जातो. क्लोराइड म्हणजे मिठातला अर्धा भाग. तो जवळपास प्रत्येक नैसर्गिक पाण्यात थोडाफार असतोच आणि उकळून कुठेही जात नाही. उलट पाणी आटतं आणि क्लोराइड घट्ट होतं. चांदीची गाठ क्लोराइडशी पडली की तयार होतं सिल्व्हर क्लोराइड. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, एका लिटरात फार तर दोन मिलिग्रॅम. बाकीचं दिसतं पांढरा ढग होऊन. झालं तुमचं ‘फाटलेलं’ पाणी!

आरओमध्ये क्षार खूप कमी होतात, पण शून्य होत नाहीत. शिवाय चवीसाठी बऱ्याच मशिनांत थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते. बाटलीबंद पाण्यातही थोडे क्षार असतातच. त्यामुळे या कामाला तिन्ही पाणी बाद. आणि फॉरवर्डमध्ये लिहिलं होतं, ‘करंट चालत नसेल तर चिमूटभर मीठ घाला.’ वा! म्हणजे ज्याच्यामुळे ढग होतो, त्यालाच पाटावर बसवून जेवायला वाढा.

राहिल्या दोन बाटल्या. एसीचं पाणी वाफेचं बनतं, म्हणून मीटरवर आकडा छान दिसतो. पण ते थंड कॉइलवरून, धुळीवरून, बुरशी धरलेल्या ट्रेमधून ठिबकत येतं. आपल्या दमट हवेत बादली भरते भराभर, पण ती झाडांना घालावी, पोटात नाही. बॅटरीचं पाणी क्षार काढलेलं असतं, पण ते बॅटरीसाठी बनतं. त्यात जंतू, प्लॅस्टिकचे अंश किंवा सेंद्रिय घाण आहे का, हे पाहायची गरज बनवणाऱ्याला नसते.

पाणी कोणत्या रंगात बोलतं?

दोस्ताने आधीच्या बॅचेस टाकून न देता जपून ठेवल्या होत्या. (हा माणूस जुन्या ई-मेलही डिलीट करत नाही.) खिडकीत ओळीने लावल्या आणि लक्षात आलं की प्रत्येक रंगामागे एक गोष्ट आहे.

दुधी पांढरा : क्लोराइड. पाणी शुद्ध नाही किंवा ग्लास नळाखाली विसळून तसाच वापरला.

पांढरा असून उन्हात जांभळट-करडा होणारा : तेच सिल्व्हर क्लोराइड, पण आता प्रकाश लागल्यावर त्यातून परत चांदी सुटतेय. रोलवाले जुने फोटो चांदीच्या अशाच क्षारांवर निघायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फिकट पिवळा : चांदीचे अगदी बारीक कण. फॉरवर्डवाल्यांच्या भाषेत ‘जमलं’.

करडा, गढूळ : कण एकमेकांना चिकटून मोठे झालेत. पाण्यातले क्षार हेच करतात. करंट जास्त वाढला तरी होतं.

तारेवर काळा थर, तळाशी काळा गाळ : चांदीचा ऑक्साइड आणि सुटलेले कण.

हिरवट-निळसर झाक : तार शुद्ध चांदीची नाही. दागिन्यांच्या चांदीत मजबुतीसाठी तांबं मिसळतात, ते उतरतंय.

जमलं!

दोस्त हट्टी. त्याने लॅबला पुरवठा करणाऱ्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅनही आणून ठेवला होता. मलाही आता चेव आलेला. ग्लास त्याच पाण्याने तीनदा विसळला, तारा पुसल्या, मीटर बुडवला, तर शून्य! सुरुवातीला करंट चालता चालेना. इतक्या शुद्ध पाण्यातून वीज जायला वाटच नसते. मग हळूहळू चांदी उतरायला लागली तसा तो वाढला. तासाभराने पाणी नितळच्या नितळ. प्रेझेंटेशनचा लेझर पॉइंटर ग्लासातून मारला तर आत लाल रेघ उमटली. कण प्रकाश विखुरतात म्हणून ती दिसते. शाळेत वाचलेला टिंडॉल इफेक्ट आठवतोय का?

‘‘जमलं!’’ दोस्त ओरडला. काकूंनी कपाटातून उष्टावणातला चांदीचा चमचा काढला. लेक आपली खोकत खोकत टीव्हीसमोर.

आणि मंडळी, खरं सांगते, त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. इतका वेळ आम्ही दोघं ‘पाणी शुद्ध कसं करायचं’ यातच दंग होतो. त्या पाण्यात किती चांदी आहे, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

आता गणित करूया

टीडीएस मीटर चांदी मोजत नाही. तो फक्त पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. तरंगणारे चांदीचे कण त्याला दिसत नाहीत, जंतू दिसत नाहीत, कीटकनाशकं दिसत नाहीत. लेझरची रेघही कुठल्याही कणांनी उमटते, धुळीनेसुद्धा.

पण करंट माहीत असेल तर कमाल किती चांदी उतरली ते काढता येतं. बारावीचा फॅरडेचा नियम. एक मिलिअँपिअर करंट एक तास चालला तर सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. आमचा ग्लास पाव लिटरचा. म्हणजे लिटरला १६ मिलिग्रॅम. त्यातली थोडी दुसऱ्या तारेवर बसते, पण हिशेब साधारण हाच.

आणि पिण्याच्या पाण्यात किती चालते? आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००च्या २०१२च्या आवृत्तीत, चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. आमच्या नितळ, ‘जमलेल्या’ ग्लासात १६० पट!

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने चांदीसाठी धरलेली मर्यादा अशी की रोज, आयुष्यभर पोटात गेली तरी चालेल अशी मात्रा वजनाच्या दर किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम. लेकीचं वजन १२ किलो. म्हणजे दिवसाला ०.०६. दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर दिले तर पोटात जाणार ०.१६. अडीच पटींहून जास्त. आणि हे सगळं छान जमलं तर! पाण्यात थोडे क्षार असले आणि करंट पाच मिलिअँपिअरवर गेला, तर तेवढ्याच वेळात पाचपट चांदी. आज एक, उद्या दुसरं. औषधाच्या बाटलीवर ‘मात्रा : नशिबावर’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलंय कधी?

‘‘पण मग पाणी आणखी शुद्ध घेतलं तर?’’ दोस्ताने विचारलं. आयटीवाला आहे, बग सापडला की फिक्स करायचाच.

‘‘अरे, पाणी कितीही शुद्ध घे. पोटातल्या आम्लाचं नाव काय?’’

तो थांबला. ‘‘हायड्रोक्लोरिक...’’

‘‘म्हणजे?’’

‘‘क्लोराइड!’’

तेच तर! घरी अशा तारांनी केलेल्या पाण्यात बहुतेक चांदी कणांच्या नाही, आयनांच्या रूपात असते. आणि जे क्लोराइड ग्लासातून हाकलायला आम्ही सकाळ घालवली, ते पोटात नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त प्रमाणात वाट बघत बसलेलं. घोट खाली गेला की आतमध्ये तोच पांढरा लोच्या. फरक एवढाच, की तो आपल्याला दिसत नाही.

निळा माणूस

त्यातली बरीच चांदी बाहेर पडते, पण सगळी नाही. थोडी रक्तात जाते आणि वर्षानुवर्षं त्वचेत साचते. खिडकीतल्या जांभळट ग्लासाची आठवण ठेवायला सांगितली होती ना? त्वचेतही तेच होतं. प्रकाश लागतो तिथे चांदी काळवंडते आणि चेहरा, हात निळसर-करडे होतात. या प्रकाराला आर्जिरिया म्हणतात. आणि तो धुऊन, क्रीम लावून, डाएट करून जात नाही. कायमचा राहतो.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले स्टॅन जोन्स हे राजकारणी याचं प्रसिद्ध उदाहरण. १९९९ साली त्यांना भीती वाटली की वाय-टू-के च्या गोंधळात अँटिबायोटिक्स मिळेनाशी होतील. (आयटीवाल्यांनो, हसू नका. आपल्यातल्या कित्येकांची पहिली नोकरी त्याच वाय-टू-के ने दिली!) म्हणून त्यांनी घरीच चांदीच्या तारांनी पाणी करून प्यायला सुरुवात केली. वाय-टू-के आला नि गेला, कॉम्प्युटर चालूच राहिले. पण २००२ मध्ये ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा निळा-करडा झालेला होता आणि जगभर बातमी तीच झाली.

त्याच १९९९ साली अमेरिकेच्या एफडीएने नियम काढला की कोलॉइडल चांदी असलेली, प्रिस्क्रिप्शनशिवाय विकली जाणारी औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानली जात नाहीत. २०२० मध्ये कोविडवर इलाज म्हणून ही बाटली विकणाऱ्यांनाही तिथे इशाऱ्याची पत्रं गेली.

हे ऐकून काकू म्हणाल्या, ‘‘मग मीच घेईन. माझ्या वयात निळी झाले काय नि पिवळी काय!’’

‘‘काकू, तुमची थायरॉइडची गोळी चालू आहे ना?’’

‘‘आहे की. रोज उपाशीपोटी.’’

‘‘चांदीच्या पाण्याने ती गोळी अंगी लागेनाशी होऊ शकते. काही अँटिबायोटिक्सचंही तसंच.’’

काकूंनी चमचा ओट्यावर ठेवला. निळ्या चेहऱ्याचं काही वाटलं नाही, पण गोळी वाया जाणं त्यांना मंजूर नव्हतं!

मग चांदी नुसतीच शोभेची का?

नाही हो! चांदी जंतू मारते, हे खरंच आहे. फक्त ती कुठे असावी हा प्रश्न आहे. भाजल्यावर डॉक्टर चांदीचं क्रीम लावायला देतात, तेही बाहेरून, मोजूनमापून. पाण्याच्या बाबतीत तर पुण्याचं उदाहरण आहे. तिथल्या टाटांच्या टीआरडीडीसी संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळायचा ‘सुजल’ फिल्टर तयार झाला. पुढे २००९च्या डिसेंबरमध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आला, त्यात त्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. घरच्या कितीतरी प्युरिफायरच्या कार्बनमध्येही चांदी असते, आत जंतूंनी घर करू नये म्हणून. म्हणजे चांदी चिकटून बसली फिल्टरला, पाण्यात उतरली तर अगदी नाममात्र. चमच्यातून पाजायची चांदी आणि ही चांदी यांत जमीन-अस्मानाचा फरक.

उष्टावणाच्या चमच्याचंही तसंच. घन चांदी खिरीत उतरते ती नगण्य. बॅटऱ्या जोडून ती ढकलावी लागते, यातच सगळं आलं.

आणि दोस्ताच्या घरचा खरा प्रश्न? त्याच्या नळाचं पाणी येतं मोरब्याहून. खालापूर तालुक्यातलं हे धरण नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं. असं भाग्य मोजक्याच महापालिकांना. टीडीएस ६८ म्हणजे उत्तमच, मानकाची मर्यादा ५०० आहे. पण पाणी शुद्ध होऊन निघालं तरी आपल्या ग्लासापर्यंत येताना ते एका ठिकाणी मुक्काम करतं. सोसायटीच्या टाक्या! ‘‘टाकी शेवटची कधी धुतली?’’ मी विचारलं. दोस्त, त्याची बायको आणि काकू, तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. पाच प्रकारच्या पाण्याचे टीडीएस पाठ असलेल्या घरात हे एकच उत्तर कुणाकडे नव्हतं.

त्या संध्याकाळी लेकीला डॉक्टरांकडे नेलं. छाती स्वच्छ, साधा व्हायरल खोकला. रात्री झोपताना चमचाभर मध द्या म्हणाले, वर्षाच्या पुढच्या मुलांना चालतो. मध दिला गेला. चांदीच्याच चमच्याने, काकूंच्या समाधानासाठी.

पाण्याची शंका आली तर?

• टाकीवर तारीख लिहा : खालची आणि वरची टाकी धुतल्याची तारीख नोटीस बोर्डावर हवी. एजीएममध्ये पार्किंगवर दोन तास भांडता, पाच मिनिटं यालाही द्या.

• ओटी टेस्ट करा : क्लोरीन तपासायचं छोटं किट मिळतं. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. नळाला मानकानुसार लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. अजिबात नसेल तर टाकीकडे बोट दाखवा.

• जंतूंची शंका असेल तर एच-टू-एस व्हायल : पाणी भरून ठेवा. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर सांडपाणी मिसळल्याचा संशय. मग मान्यताप्राप्त लॅबमध्ये नमुना द्या.

• तोपर्यंत उकळा : खळखळून एक मिनिट. जंतूंसाठी याहून साधा नि खात्रीचा उपाय नाही.

• टीडीएस मीटरला देव मानू नका : तो क्षार सांगतो, शुद्धता नाही. एसीच्या पाण्याचा ९ आठवा!

• चांदीचं पाणी आधीच घेत असाल तर : बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. विशेषतः थायरॉइडची गोळी किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर.

ताजा कलम : दोस्ताच्या तीन बॅटऱ्या लेकीच्या रिमोटवाल्या गाडीच्या कामी येतील असं ठरलं होतं. त्या गाडीला पेन्सिल सेल लागतात, हे सोमवारी कळलं. पुढच्या शनिवारचं कारण तयार आहे!